शेवटच्या बाकाचा कॅमेरा

सोमवार, २ तारीख

निवृत्त होऊन चार महिने झाले आणि आज पुन्हा शर्टाच्या बाहीला खडू लागला. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच बरं वाटलं.

हा उद्योग आमच्या मुलीचा. ती परगावी नोकरी करते, तिथूनच तिने एका शिकवणी कंपनीत माझं नाव घालून टाकलं. दहावीचं रसायनशास्त्र, संध्याकाळी पाच ते सहा, सगळं कॉम्प्युटरवर. मुलं आपापल्या घरी, मी माझ्या घरी. कंपनीच्या समन्वयक बाईंचा फोन आला होता. वयाने मुलीपेक्षाही लहान असतील, पण बोलणं थेट मुख्याध्यापिकेचं. पहिला महिना माझी परीक्षा आहे म्हणे. तीस तारखेला मुलांची तोंडी परीक्षा घ्यायची, बाई स्वतः बघणार. त्या दिवशी निदान आठ विद्यार्थी कॅमेऱ्यासमोर हजर असले तर वर्ग वर्षभर चालू. सात असले तर वर्ग बंद, आणि मुलं दुसऱ्या सरांकडे. ते सर तास सुरू करताना टाळ्या वाजवतात, असं ऐकलं. आज चौदा मुलं होती. तेहतीस वर्षं मी एकेका वर्गात साठ-साठ कार्टी सांभाळली, आठाचं काय घेऊन बसलात!

सुरक्षिततेसाठी मुलांची खरी नावं दिसत नाहीत. प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं. गोलकीपर, झोपाळू, मांजर, अर्धी पेन्सिल वगैरे वगैरे. एकाने चक्क ‘शेवटचा बाक’ असं नाव घेतलंय. कॅमेरा बंद, आवाज बंद. मुलगा टवाळ असणार, नावावरूनच कळलं.

शाळेने टाकून दिलेला फळा मी मागून आणला होता, तो खोलीत ठोकला. बायको म्हणाली, "अहो, डावीकडे वाकडा झालाय." मी म्हटलं, नाही. आता इथून बघतोय तर किंचित झालाय. पण किंचितच.

मंगळवार, ३

आमच्या हिला गेल्या वर्षापासून साबण करायचा नाद लागलाय. स्वयंपाकघराचा अर्धा ओटा तिने त्यासाठीच अडवलाय. तराजू, चष्मा, हातमोजे, खोबरेल तेलाचे डबे. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकते तेव्हा मला जवळ फिरकू देत नाही. मला! रसायनशास्त्राच्या शिक्षकाला!

आज तासाच्या आधी एक वडी घेऊन आली. "अहो, ह्याच्यावर ही पांढरी पूड कसली येते? प्रत्येक वेळी येते."

मी टिपणं काढत होतो. म्हटलं, "धूळ असेल. पूस."

"धूळ नाही हो, मी—"

"अगं, पाच वाजत आले."

मग ती गेली. पाच ते सहा घरात आवाज नको, हे मी तिला कालच बजावलं होतं. कबूल करायला हवं, ती ते कसोशीने पाळते. तास चालू असताना स्वयंपाकघरात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता असते.

शुक्रवार, ६

अकरा. काल बारा होती.

आजकालच्या मुलांना दम नाही. आम्लं आणि अल्कली मी इतकी पद्धतशीर शिकवली की फळा चार वेळा पुसावा लागला. वळून पाहिलं तर झोपाळू खरंच झोपला होता, मांजर काहीतरी खात होती आणि गोलकीपरच्या जागी रिकामी खुर्ची होती.

शेवटी त्या शेवटच्या बाकाने लिहून पाठवलं. त्याचं सगळं लेखीच असतं. "सर, आम्हाला तासभर फक्त तुमची पाठ दिसते. आवाज भिंतीत जातो."

उद्धटपणाची कमाल झाली. मी पुन्हा फळ्याकडे वळलो.

रविवार, ८

सुट्टी. पण ते पाठीचं डोक्यातून जाईना. सकाळी चहा घेताना हिला सांगितलं. म्हटलं, बघ कशी कार्टी आहेत! मी फळ्यावर लिहितो म्हणजे पाठ दिसणारच. सगळे शिक्षक असंच शिकवतात.

ती म्हणाली, "एकदा तोंड वळवून बघा की. तुमचं काय जातंय?"

"तुला काय माहीत वर्गात शिकवणं म्हणजे काय असतं ते?"

"मला कुठलं माहीत असायला," ती म्हणाली आणि कपबशा उचलून घेऊन गेली. जाताना हसली असं वाटलं. माझी कीव आली असेल.

सोमवार, ९

आज फळा सोडून टेबलाशी बसलो, तोंड कॅमेऱ्याकडे. आधी हाताचं काय करायचं तेच सुचेना. तेहतीस वर्षांची सवय, खडू नसला की जीभच हलत नाही माझी. मग टेबलावर काचेचा पेला घेतला, त्यात लिंबू पिळलं आणि खायचा सोडा टाकला. फसफसून सगळं माझ्या वहीवर आलं. मुलं हसली. मला राग यायला हवा होता, पण मीही हसलो.

समोर पाहून शिकवलं की एक गोष्ट कळते. मुलांना समजलेलं नाही हे त्यांच्या तोंडावर लगेच दिसतं. हे फार गैरसोयीचं आहे, कारण मग पुन्हा सांगावं लागतं. अर्ध्या पेन्सिलीसाठी एकच गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तिचे डोळे असे काही चमकले की मला भरून आलं. हे मी तेहतीस वर्षं पाहिलंच नव्हतं. ते माझ्या पाठीमागे चाललं होतं.

पण उशीर झालाय. आज आठच होती. सात चेहरे आणि एक काळा चौकोन.

बुधवार, ११

शेवटच्या बाकाने आज पहिल्यांदा अभ्यासाचं विचारलं. "सर, कॉस्टिक सोडा असलेली वस्तू उघड्या हवेत राहिली तर तिच्यावर पांढरं काहीतरी जमतं. ते काय असतं?"

काय प्रश्न आहे! मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, बाळांनो, हा खरा प्रश्न! हवेतला कार्बन डायऑक्साइड येतो, उरलेल्या कॉस्टिकला भेटतो, दोघांचा मिळून सोडियम कार्बोनेट होतो, म्हणजे धुण्याचा सोडा. तीच ती पांढरी पूड. मग त्याने विचारलं, ते होऊ नये म्हणून काय करावं? मी म्हटलं, सोपं आहे, हवा लागू देऊ नका, पहिला दिवसभर झाकून ठेवा. वीस मिनिटं मी ह्यावरच बोललो. मुलं कान टवकारून ऐकत होती.

मुलगा टवाळ नाही. उलट हिरा आहे. शेवटच्या बाकाबद्दल मी काय काय बोललो असेन आयुष्यभर, आठवून जरा ओशाळलो.

शनिवार, १४

हिच्या साबणाच्या वड्या ह्या खेपेला अगदी स्वच्छ निघाल्या. पूड नाही, काही नाही. मी म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हतो, धूळ होती? झाडलोट नीट झाली की सगळं ठीक होतं."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी आणून दिलं.

मंगळवार, १७

आज गंमत झाली. तासाच्या ऐन मध्यावर शेवटच्या बाकाने लिहिलं, "सर, दूध उतू जातंय, आलेच." म्हणजे मुलगी आहे! मी उगाच इतके दिवस त्याला मुलगा समजत होतो. बिचारी घरकाम सांभाळून शिकते. आई नसेल का तिला? विचारणं बरं दिसत नाही.

तास संपवून बाहेर आलो तर आमच्याही घरात करपल्याचा वास. आमचंही दूध उतू गेलं होतं. एकाच संध्याकाळी दोन घरांत दूध उतू जावं, हे नवल आहे. हवा दमट असली की असं होत असावं. नक्की कारण शोधायला हवं.

हिला त्या मुलीबद्दल सांगितलं. म्हटलं, पोर फार गुणी आहे, पण घरचे तिच्याकडे लक्ष देत नाहीत असं दिसतंय.

"हो का?" ती शेगडी पुसत म्हणाली. "असतात काही घरं अशी."

शुक्रवार, २०

शेवटच्या बाकाने आज पुन्हा माझा कान धरला. फार सभ्यपणे धरला, पण धरलाच. "सर, तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच उत्तरही तुम्हीच देता. मधे थोडं थांबाल का? आम्हाला येत असतं, पण बोलायला वेळ लागतो."

मी म्हटलं, छे, असं कुठे करतो मी? तर सातही मुलांनी माना डोलावल्या. झोपाळूनेसुद्धा!

मग थांबून पाहिलं. प्रश्न विचारला आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. सहापर्यंत जीव नुसता कासावीस झाला. सातव्याला मांजर बोलली. बरोबर बोलली. आठव्याला गोलकीपरने तिच्या उत्तरात भर घातली. मी गप्प बसलो तर वर्ग चालतो, हे शिकवण्याच्या कुठल्याच पुस्तकात कसं नाही?

मुलीचा फोन आला होता, तिला हे सगळं कौतुकाने सांगितलं. म्हटलं, शेवटचा बाक नावाची एक विद्यार्थिनी आहे, असलं डोकं मी नोकरीत पाहिलं नाही. फोनवर मुलीला एकदम खोकला आला. मग म्हणाली, "बाबा, मी जरा पाणी पिऊन येते," आणि फोन आईकडे द्यायला सांगितला. त्या दोघी अर्धा तास कुजबुजत होत्या. बायकांचं काय चालतं, देव जाणे.

मंगळवार, २४

आज हिशेबाचा धडा. कुठला पदार्थ किती घेतला तर दुसरा किती लागेल. मुलांना हा धडा आला की कापरं भरतं. शेवटच्या बाकाने सुचवलं की धड्यातलं उदाहरण सोडून साबणाचं घ्या. कल्पना उत्तम होती. अमुक तेलाला अमुक कॉस्टिक, कमी पडलं तर चिकट, जास्त झालं तर हात भाजतील. कॉस्टिकला तुम्ही कुणी हात लावायचा नाही, नुसता कागदावरचा हिशेब, हे मी चारदा बजावलं. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. सगळ्यांच्या आधी तिचं आलं.

जेवताना हिला म्हटलं, "तुझ्या साबणाचासुद्धा असा नेमका हिशेब असतो, माहीत आहे? तुला किचकट वाटेल, पण—"

"वाटेल ना," ती म्हणाली. "सांगा तुम्ही."

मी सांगितलं. तिने दोन ठिकाणी मान हलवली. एका ठिकाणी तोंड उघडलं आणि मिटलं.

शुक्रवार, २७

समन्वयक बाईंचा फोन. सोमवारी आठ चेहरे दिसले पाहिजेत, काळा चौकोन चालणार नाही. "नियम आहे सर, मी काही करू शकत नाही."

म्हणजे सगळं त्या एका पोरीवर येऊन ठेपलं. तास संपल्यावर तिला मी लिहिलं. चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं. "बाळ, तू कॅमेरा का लावत नाहीस ते मी विचारणार नाही. घर लहान असेल, कुणी रागावत असेल, काहीही असेल. पण सोमवारी फक्त पाच मिनिटं लावशील का? तू नसलीस तर हा वर्ग राहणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुझ्यामुळेच तो इथवर आला."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "सर, मला बघून तुम्ही रागावणार नाही ना?"

मी लिहिलं, "मी कशाला रागावेन?"

तेवढ्यात तिचं नाव पडद्यावरून गेलं.

मन थाऱ्यावर नाही. बाहेर येऊन हिच्यापाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. असं मी सहसा सांगत नाही. म्हटलं, वर्ग गेला तर फळा उतरवून टाकीन. शाळेत मी तेहतीस वर्षं होतो, पण शिकवायला ह्या महिन्यातच लागलो असं वाटतंय आणि तेवढ्यात संपणार. मला हे फार हवंय गं.

ती तराजूवर तेल मोजत होती, ती थांबली. "आणि ती तुम्हाला वाटते तशी नसली तर?" तिने विचारलं.

"कशी का असेना. शिकायचंय ना तिला?"

"शिकायचंय," ती म्हणाली. मग पुन्हा तेल मोजायला लागली. बघितलं तर वाटीत दुप्पट तेल पडलं होतं. माझ्या काळजीने तिचंही चित्त उडालंय.

सोमवार, ३०

रात्रीचे नऊ वाजलेत. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

पाच वाजता समन्वयक बाई हजर. सात चेहरे हजर. आठवा चौकोन काळा. मी तोंडी परीक्षा सुरू केली. प्रत्येकाने घरात स्वतः केलेल्या एका गोष्टीवर दोन प्रश्न. गोलकीपर लिंबावर छान बोलला. झोपाळूने गंजलेल्या खिळ्यावर असं उत्तर दिलं की मी त्याचं नाव बदलायला हवं. मांजर, अर्धी पेन्सिल, सगळे झाले. सातवा संपला. दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत.

समन्वयक बाई म्हणाल्या, "सर, मला वाटतं—"

आणि चौकोन उजळला.

आधी मला ओटा दिसला. मग तराजू. मग आमची खिडकी, आमचाच पडदा. मग हिचा चेहरा. कपाळावर चष्मा चढवलेला, कानात मुलीने पाठवलेले ते इयरफोन. मला ते गाणी ऐकायचे वाटले होते.

"हजर सर," ती म्हणाली. आवाज दोनदा आला. आधी भिंतीतून, मग कॉम्प्युटरमधून.

"सर, तुमचा आवाज येत नाहीये," असं समन्वयक बाई दोनदा म्हणाल्या. येणार कुठून? डोक्यात दूध, पूड, तोंड वळवा, थांबा, सगळं एकदम फिरत होतं. मला लाज वाटली. अशी वाटली की उठून जावंसं वाटलं. पण तिच्याकडे पाहिलं तर ती पुसलेला तराजू पुन्हा पुसत होती, आणि परीक्षेला बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं. एवढं मला येतं.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. एकतीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा अहो-जाहो केलं असेल.

"साबण."

"पाचशे ग्रॅम खोबरेल तेलाला किती कॉस्टिक लागेल?"

"साडेएक्याण्णव ग्रॅम," ती म्हणाली. "पण मी सत्त्याऐंशीच घालते."

"उत्तर साडेएक्याण्णव आहे ना?"

"पुस्तकातलं आहे. त्या उत्तराने हात फाटतात, सर. थोडं कमी घातलं की थोडं तेल साबणात तसंच उरतं आणि हात मऊ राहतात. माझ्या पहिल्या दोन खेपा पुस्तकाच्या उत्तराने केल्या होत्या. बघा."

तिने हात कॅमेऱ्यासमोर धरले. बोटांच्या पेरांवर जुन्या भेगांच्या खुणा होत्या. ते हात रोज मला चहा देतात. मी कधी पाहिले नव्हते.

मी अर्धा गुण कापणार होतो. सवयच ती. पण गोलकीपरने लिहिलं, "सर, पूर्ण द्या." मग मांजरीने. मग सातही जणांनी. मी पूर्ण दिले. लाडाने नाही दिले, ते तिचेच होते.

"सर, ह्या काकू कोण?" अर्ध्या पेन्सिलीने विचारलं.

"माझ्या विद्यार्थिनी," मी म्हटलं. मग खरं सांगायलाच हवं होतं. "आणि माझी बायको."

मुलांनी जो गोंधळ घातला तो घातला. मी समन्वयक बाईंकडे बघत होतो. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "नियमात विद्यार्थी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "वय लिहिलेलं नाही. नातं लिहिलेलं नाही. त्या चार आठवडे एकही तास चुकल्या नाहीत. आठ झाले, सर. वर्ग चालू." आणि त्या हसल्या. मुख्याध्यापिका वगैरे काही नाहीत, चांगली पोर आहे.

कॉम्प्युटर बंद करून स्वयंपाकघरात गेलो. मधलं अंतर अकरा पावलं आहे. ती ओट्याला टेकून उभी होती आणि हसू दाबत होती.

"सरळ मलाच का नाही विचारलंस?" मी म्हटलं.

तिने ओट्यावरची एक वडी उचलून माझ्यापुढे धरली. मग माझं मीच म्हटलं, "हो. विचारलं होतंस."

मी ओट्यावरचा तराजू उगाच बाजूला सरकवला. मग मी म्हटलं, "उद्यापासून आत येऊन बस. माझ्या शेजारी खुर्ची टाकतो."

"नको," ती पटकन म्हणाली. "मी इथेच बरी."

"का गं?"

"समोर असले की तुम्ही मधेच तोडता. तिथे तुम्ही माझं बोलणं पूर्ण होऊ देता."

मला रडू आलं. लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचणार! डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसलो. म्हटलं, "मग बोल. मी इथे बसून ऐकतो."

तिला आधी खरं वाटलं नाही. मग बोलायला लागली. साबणावरून सुरुवात झाली आणि मग कुठल्या कुठे गेली. लग्नाआधी तिला विज्ञानाला जायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. लग्न होऊन आल्या आल्या माझ्या प्रयोगांच्या जुन्या वह्या तिने एकेक करून वाचून काढल्या होत्या, हेही नव्हतं. मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा तसंच मिटलं, दुसऱ्यांदा बोललोच, पण लगेच माफी मागितली. दीड तास झाला तेव्हा ती पाणी प्यायला थांबली. म्हणाली, एकतीस वर्षांचं साठलंय हो. आज जेमतेम पहिलं वर्ष झालं.